२१४७४८३६४७ (संख्या)

२१४७४८३६४७ (दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस) ही एक नैसर्गिक, विषम व मूळ संख्या आहे. ती २^३१ − १ अशी लिहिता येते. गणित आणि संगणकशास्त्र या दोन्ही क्षेत्रांत या संख्येस विशेष महत्त्व आहे.

वर्गीकरण

२^न − १ या रूपातील मूळ संख्यांना सतराव्या शतकातील फ्रेंच धर्मोपदेशक व गणिती मारें मेर्सेन यांच्या नावावरून मेर्सेन मूळ संख्या म्हणतात. २१४७४८३६४७ ही अशी आठवी संख्या होय. घातांक मूळ असणे येथे आवश्यक असले, तरी पुरेसे नाही; उदाहरणार्थ, २^२९ − १ = २३३ × ११०३ × २०८९ ही संयुक्त संख्या आहे.

येथील घातांक ३१ हा स्वतःही मेर्सेन मूळ संख्या (२^५ − १) आहे. म्हणून ही संख्या द्विमेर्सेन मूळ संख्यांत मोडते. ७, १२७, २१४७४८३६४७ आणि २^१२७ − १ अशा चारच द्विमेर्सेन मूळ संख्या आजवर ज्ञात आहेत. मात्र ही संख्या जुळी मूळ संख्या नाही. २१४७४८३६४५ ला ५ ने, तर २१४७४८३६४९ ला ३ ने निःशेष भाग जातो.

हिला २^३० ने गुणले असता २३०५८४३००८१३९९५२१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या मिळते.

मूळत्वाची सिद्धता

मेर्सेन यांनी १६४४ मध्ये दिलेल्या यादीत ३१ हा घातांक होता, परंतु सिद्धता नव्हती. ती लेओनार्ड ऑयलर यांनी दिली व १७७२ मध्ये बर्नुली यांना लिहिलेल्या पत्रात कळवली. या संख्येचा मूळ विभाजक असलाच, तर तो २४८क + १ किंवा २४८क + ६३ या रूपाचाच असला पाहिजे. संख्येचे वर्गमूळ ४६३४१ पेक्षा किंचित कमी असल्याने त्या मर्यादेपर्यंतचेच उमेदवार तपासावे लागतात. अशा संख्या सुमारे ३७० भरतात आणि त्यांतील केवळ मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरते. त्यामुळे हे काम हाताने करणे शक्य झाले.

इंग्लिश गणिती पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये असे मत मांडले की, वर उल्लेखिलेल्या परिपूर्ण संख्येहून मोठी परिपूर्ण संख्या कधीही शोधली जाणार नाही, कारण अशा संख्या केवळ कुतूहलाच्या असून निरुपयोगी आहेत. पुढे हे भाकीत खोटे ठरले.

संगणकातील स्थान

द्विमान पद्धतीत ही संख्या सलग ३१ एकांनी लिहिली जाते. चिन्हासाठी एक बिट राखून ठेवणाऱ्या ३२ बिटी पूर्णांकात मावणारी ही सर्वांत मोठी संख्या होय.

युनिक्स प्रणालीत १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून वेळ ठरवली जाते. ३२ बिटी गणना १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय प्रमाणवेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी या संख्येपाशी पोहोचेल. पुढील सेकंदास गणना ऋण होऊन अशी यंत्रे डिसेंबर १९०१ मधील दिनांक दाखवू शकतील. यास '२०३८ची समस्या' म्हणतात. ६४ बिटी गणना स्वीकारणे हा तिच्यावरील प्रमुख उपाय आहे. तथापि सहजी न बदलता येणाऱ्या जुन्या उपकरणांत ही अडचण उद्भवू शकते.