उपवासाच्या पोटी जन्मलेली पक्वान्ने

नाताळ जवळ आला की आपल्या घराघरांतून खोवलेल्या नारळाचा व तळणाचा वास सुटतो, आणि लहानथोरांची मने गोठ्याकडे कमी व डब्याकडे अधिक धाव घेऊ लागतात. यात मोठासा दोष आहे असे नव्हे. ज्याने काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला, त्याला आपल्या लेकरांच्या तोंडचा घास गोड झालेला आवडतच असला पाहिजे. परंतु ही पक्वान्ने आली कोठून, असा प्रश्न कोणी केला तर उत्तर मोठे नवलाचे मिळते. ख्रिस्ती जगातील नाताळची कित्येक प्रसिद्ध खाद्ये मेजवानीतून नव्हे, तर उपवासातून जन्मास आली आहेत.

२५ डिसेंबर रोजी प्रभुजन्माचा सण रोम शहरात इ. स. ३३६ मध्ये पाळला जात होता, असा जुना लेखी पुरावा आहे. सणामागोमाग त्याची तयारीही आली. पाचव्या शतकात फ्रान्समधील तूर येथील बिशप पर्पेट्युअस यांनी संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करण्याचा नेम घालून दिला. पुढे अनेक देशांत या काळात मांसाबरोबर दूध, लोणी व अंडीही वर्ज्य झाली. आता घरची माउली काय करणार? सण तर तोंडावर आलेला, आणि हाताशी केवळ पीठ, तेल, मासळी व सुका मेवा! तिच्या या अडचणीतूनच पुढची सारी कथा निघते.

जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात ‘श्टोलेन’ नावाची नाताळची पोळी फार विख्यात आहे. आज ती लोण्याने माखलेली व मनुका-बदामांनी भरलेली असते. तिच्यावरील साखरेचा शुभ्र थर पाहून भाविकांना बाळंत्यात गुंडाळलेल्या बाळ येशूची आठवण होते. पण आरंभी ती पीठ, पाणी व तेल यांची अगदी नीरस भाकरी होती. ऑलिव्हचे झाड त्या थंड मुलखात वाढत नाही, आणि तेथले तेल खाण्यास बेचव. म्हणून सॅक्सनीच्या राजघराण्याने लोणी वापरण्याची परवानगी मिळावी असा अर्ज रोमला केला. पुष्कळ वर्षे गेली, आणि अखेर १४९१ साली पोप आठवे इनोसंट यांनी ती परवानगी दिली. त्या पत्रास लोक आजही ‘लोण्याचे पत्र’ म्हणतात. सवलत मात्र फुकट नव्हती. लोणी खाणाऱ्याने देवालयाच्या बांधकामासाठी काही द्रव्य द्यावे, अशी अट होती. एका भाकरीत लोणी घालावे की न घालावे, यासाठी पवित्र पित्यापर्यंत दाद मागणारे ते लोक आपणांस भोळे वाटतील. पण नियम मोडण्यापेक्षा वाट पाहणे त्यांनी पत्करले, हेही ध्यानात घ्यावे.

फ्रान्सच्या दक्षिणेकडील प्रोव्हांस प्रांतात नाताळच्या आदल्या रात्रीचे जेवण मांसाविना होते, आणि मध्यरात्रीच्या मिस्सानंतर तेरा गोड जिनसा मांडल्या जातात. एक ख्रिस्त व बारा प्रेषित, असा हा तेरांचा हिशोब. त्यांतील अंजीर, बदाम, मनुका व अक्रोड या चौघांना तेथे ‘चार भिक्षेकरी’ म्हणतात. फ्रान्सिस्कन, कार्मेलाईट, डॉमिनिकन व ऑगस्टिनियन या भिक्षावृत्तीच्या चार संघांची ती आठवण होय. श्रीमंताच्या मेजावरही भिक्षेकऱ्यांना जागा मिळाली, ती अशी.

इथिओपियातील प्राचीन ख्रिस्तमंडळी ७ जानेवारीस ‘गेन्ना’ सण पाळते. त्यापूर्वी त्रेचाळीस दिवस मांस, दूध, लोणी व अंडी यांना स्पर्श होत नाही. सणाच्या दिवशी कोंबडीचा तिखट रस्सा आंबोळीसारख्या इंजेराबरोबर घरोघर वाढला जातो. त्रेचाळीस दिवसांनंतरचा तो पहिला घास कसा लागत असेल, हे रोज पोटभर जेवणाऱ्यास कळावयाचे नाही. फिलिपाईन्समध्ये १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस लोक पहाटेच्या अंधारात मिस्सास जातात. शेतकऱ्यांना कामावर जाण्यापूर्वी मिस्सा मिळावा, म्हणून ही वेळ ठरली. मिस्सा आटोपून बाहेर येताच देवळाच्या दारी तांदळाच्या पिठाची व नारळाच्या दुधाची, केळीच्या पानावर भाजलेली ‘बिबिंका’ ऊन ऊन मिळते. तांदूळ, नारळ व केळीचे पान यांवर वाढलेल्या आपल्या किनाऱ्यावरील माणसास हे वर्णन परके वाटणार नाही.

परंतु या सर्वांत हृदयस्पर्शी चाल पोलंडची. तेथे नाताळच्या आदल्या दिवशी आकाशात पहिली चांदणी दिसेपर्यंत कोणी जेवत नाही. मेजावरील चादरीखाली गव्हाणीची खूण म्हणून थोडे वाळलेले गवत पसरतात. मग घरातील वडील माणूस ‘ओप्वातेक’ नामक पातळ, बेखमीर भाकरी हाती घेतो. प्रत्येक जण दुसऱ्याच्या भाकरीचा तुकडा मोडून घेतो, शुभ चिंतितो व झाले गेले विसरून क्षमा मागतो. मनात अढी ठेवून ती भाकरी मोडता येत नाही. त्यानंतर बिटाचे सार, मासळी, खसखशीची पक्वान्ने इत्यादी मांसरहित जेवण होते. मेजावर एक पान अधिक मांडलेले असते. अवचित दारी येणाऱ्या पाहुण्यासाठी ते राखून ठेवतात. १७९५ पासून १९१८ पर्यंत पोलंड हे राज्यच नकाशावर नव्हते. पण ती भाकरी मोडणे थांबले नाही. परदेशी गेलेल्यांना तिचा तुकडा पत्रातून पाठविला जाई. दुसऱ्या महायुद्धात देशोधडीस लागलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांना, ज्यांत बायका व मुलेच अधिक, १९४३ ते १९४८ या काळात आपल्या कोल्हापुराजवळील वळिवडे येथे आसरा मिळाला. अवचित पाहुण्यासाठी पान मांडणारे लोक स्वतःच पाहुणे होऊन महाराष्ट्राच्या दारी आले, आणि त्यांना पान मिळाले!

आता आपल्याकडे वळू. पोर्तुगीज भाषेत ‘कोन्सोआदा’ हा शब्द मूळचा उपवासाच्या दिवशी संध्याकाळी घ्यावयाच्या अल्पाहाराचा. पुढे तो नाताळच्या आदल्या रात्रीच्या जेवणास लागला. समुद्र ओलांडून गोव्यात आल्यावर त्याचा अर्थ आणखी पालटला: नेवऱ्या, दोदोल इत्यादी गोडधोडाचे जे ताट शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाठवावयाचे, ते कोन्सोआद. उपवासाचा शब्द वाटून खाण्याचा शब्द झाला. हा बदल अर्थाचा नाश नव्हे, पूर्णता होय, असे मला वाटते.

१९६६ साली पोप सहावे पॉल यांनी उपवासाचे नियम नव्याने लावून दिले, तेव्हापासून नाताळच्या आदल्या दिवशीच्या उपवासाचे सार्वत्रिक बंधन राहिले नाही. बंधन गेले, पक्वान्ने राहिली. आता पक्वान्नाला अर्थ देणारी भूक कोठून आणावयाची? पोटाच्या भुकेची सक्ती नसेल, तर शेजाऱ्याच्या भुकेची आठवण तरी असावी. यंदा डबा भरताना प्रत्येक घराने एक पान अधिक मांडावे. आणि ज्या घराशी वर्षभर बोलणे नाही, त्या घरी पहिले ताट धाडावे. ज्याला सरायीत जागा मिळाली नाही, तो कोणत्या दाराने येईल हे कोणास ठाऊक?