उकळलेलं यीस्ट आणि एक 'म्हणून'

मागच्या वेळी आपण देकार्तच्या यंत्रवत प्राण्यांपाशी थांबलो होतो. आज शाळेच्या प्रयोगशाळेत जाऊ. कोमट साखरपाण्यात यीस्ट घालायचं, त्यातून निघणारा वायू नळीने चुन्याच्या निवळीत सोडायचा. थोड्या वेळाने निवळी दुधाळ होते. दुसऱ्या परीक्षानळीत उकळलेलं यीस्ट. तिथे काहीच घडत नाही. मग आपण वहीत लिहितो, 'यीस्ट मेले, म्हणून किण्वन थांबले.' गुण मिळतात, विषय संपतो. पण मंडळी, या 'म्हणून'वर युरोपात साठ वर्षं भांडण चाललं होतं.

1837 मध्ये फ्रान्समध्ये कान्यार-लातूर आणि जर्मनीत श्वान यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सांगितलं की यीस्ट सजीव आहे, ते वाढतं. रसायनशास्त्रज्ञांना हे झोंबलं. त्यांपैकी व्होलरने 1828 मध्ये युरिया प्रयोगशाळेत तयार केला होता. 'प्राणशक्ती' मागच्या दाराने परत येते आहे, असं त्यांना वाटलं असावं. 1839 मध्ये व्होलर आणि लीबिग यांनी निनावी टवाळी छापली: यीस्ट म्हणजे चिमुकले प्राणी, साखर खातात आणि दारू विसर्जित करतात! थट्टाच होती, पण गंमत अशी की ती सत्याच्या बरीच जवळ गेली.

लीबिगचं म्हणणं असं, की कुजणाऱ्या पदार्थाच्या कणांची खळबळ साखरेत उतरते आणि साखर फुटते. पाश्चरने 1857 पासून प्रयोगामागून प्रयोग करून दाखवलं, की जिवंत पेशींवाचून किण्वन होत नाही. 1861 मध्ये त्याला आणखी एक गोष्ट दिसली. हवा दिली तर यीस्ट जोमाने वाढतं, पण वाढीच्या मानाने साखर कमी खर्च होते. आपला श्वसन आणि किण्वनाचा धडा इथूनच निघतो. लीबिग हरला, असंच सगळ्यांना वाटलं.

पाश्चर 1895 मध्ये गेला. दोनच वर्षांनी एडुआर्ड बुखनरने यीस्ट वाळूत घोटलं, दाबयंत्रात पिळलं आणि रस काढला. तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली, आपण मुरांब्यात घालतो तशी. रसाला बुडबुडे आले! पेशी फुटलेल्या, तरी किण्वन चालू. आणि हा रसही उकळला की थांबतो.

आता आपली दुसरी परीक्षानळी आठवा. उकळल्याने पेशी मेली आणि तिच्यातलं विकरही बिघडलं. थांबलं ते नेमकं कशामुळे, हे ती नळी सांगूच शकत नाही. आमच्या मते पाश्चरचा पुरावा भक्कम होता, पण निष्कर्ष पुराव्याच्या पुढे गेला. लीबिगचा निष्कर्ष बराचसा टिकला, कारणमीमांसा मात्र नाही. तर्कशास्त्राच्या तासाला यापेक्षा चांगलं उदाहरण आम्हाला तरी सापडलं नाही.

बुखनरला 1907 चं नोबेल मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी लंडनमध्ये हार्डन आणि यंग यांनी उकळून निकामी झालेला रस ताज्या रसात मिसळून पाहिला. किण्वन मंदावलं नाही, उलट कितीतरी वाढलं. त्या उकळलेल्या रसात काय शिल्लक होतं, तिथून पुढच्या वेळी सुरुवात करू.