दाणा, पेंढा आणि दोन कोन

शहापूर-मुरबाडच्या खाचरात भाताचं एकच रोप दाणाही देतं आणि पेंढाही. दाण्यातला स्टार्च आणि पेंढ्यातलं सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या. फरक फक्त सांध्याचा. म्हणून भात आपल्याला पचतो, पेंढा बैलाला.

अशा साखळीचा आकार मुख्यतः प्रत्येक सांध्यावरचे दोन कोन ठरवतात. ते थोडेथोडे फिरवायचे, अणू एकमेकांवर आदळले की ती रचना बाद. आजच्या कोडमध्ये दोन फॉर लूप! जी. एन. रामचंद्रन यांच्या मद्रासच्या गटाने १९६३ मध्ये हे प्रथिनांसाठी केलं. १९६७ मध्ये व्ही. एस. आर. राव, सुंदरराजन, रामकृष्णन आणि रामचंद्रन यांनी तीच युक्ती स्टार्चमधल्या अमायलोजला लावली. प्रथिनांचा 'रामचंद्रन आलेख' पाठ्यपुस्तकांत पोचला, अमायलोजचं काम मागे पडलं. हे मला खटकतं.

राव यांनी पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत हे काम वाढवलं. कर्बोदकांच्या रचनांवरचं १९९८ चं पुस्तक त्यांनी तिघांसोबत लिहिलं. त्यातले एक, पी. व्ही. बालाजी, पवईच्या आयआयटीतले. आसनगावहून लोकलने जाऊन यावं इतकं जवळ.

प्रथिनांचे आकार ओळखणाऱ्या अल्फाफोल्डला २०२४ चं नोबेल मिळालं. शर्करेच्या साखळ्या मात्र पाण्यात सतत वळवळतात. त्यांचा एकच फोटो काढून भागत नाही, हालचालीचा अख्खा सिनेमा लागतो.