मातीकाम नियमन, पिशोर परिसरातील

जमिनीचे सपाटीकरण, बांधबंदिस्ती, उत्खनन व भराव यांसंबंधी पिशोर व भोवतालच्या गावांत लागू होत गेलेल्या कायद्यांची आणि नियमांची ऐतिहासिक वाटचाल. पिशोर हे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील गाव, अंजना नदीच्या परिसरात वसलेले आहे. तालुक्यात सातमाळा–अजिंठा डोंगररांगा आहेत. बेसॉल्ट खडकाच्या या प्रदेशात उतारावर उथळ, मुरमाड आणि सखल भागात खोल, काळी माती आढळते. वरच्या शेतातील बांध वा चर यांमुळे खालच्या शेतातील पाण्याची वाट बदलते. त्यामुळे येथील मातीकाम हा एकट्या खातेदाराचा प्रश्न राहू शकत नाही.

हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता व तेथे हैदराबाद जमीन महसूल अधिनियम, १३१७ फसली हा अंमलात होता. मुंबई प्रांतात मात्र धूप व अवर्षण यांवरील उपाय म्हणून मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियम, १९४२ संमत झाला होता. वैयक्तिक शेताऐवजी संपूर्ण क्षेत्रासाठी योजना आखणे, तिचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती ऐकणे आणि मंजुरीनंतर ती सर्व संबंधित खातेदारांवर बंधनकारक करणे, हे त्या अधिनियमाचे मुख्य सूत्र होते. राज्यपुनर्रचनेत १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि पुढे बांधबंदिस्तीची ही पद्धती येथेही रुजली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आल्यावर राज्याच्या तिन्ही विभागांतील महसूल कायद्यांत एकसूत्रता आली.

शेजाऱ्यांमधील तंट्यांच्या दृष्टीने मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ महत्त्वाचा आहे. कायदेशीर अधिकाराविना घातलेल्या बांधामुळे पावसाच्या पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडून दुसऱ्याच्या शेतीस उपद्रव होत असेल, तर तो अडथळा दूर करण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतो. त्यासाठी दावा सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो.

१९७२-७३ च्या दुष्काळात मराठवाड्यात पाझर तलाव, नालाबांध व रस्ते यांची मातीकामे मोठ्या प्रमाणावर काढण्यात आली. मजुरी खोदलेल्या मातीच्या घनमापावर ठरत असे. म्हणून मोजणीपर्यंत खड्ड्यात न खोदलेला मातीचा स्तंभ साक्षीदाखल राखला जाई. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ हा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला व अशा कामांना कायमचा वैधानिक आधार मिळाला. खोल काळ्या मातीत समपातळी बांधांलगत पाणी साचते व माती भेगाळून बांध फुटतात. अशा ठिकाणी जादा पाणी बाहेर काढणारे ढाळीचे बांध योग्य ठरतात. सुटे बांध घालण्यापेक्षा माथ्यापासून पायथ्यापर्यंत उपचार करावेत, हे तत्त्व राज्याने १९८३ मध्ये सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रमाद्वारे स्वीकारले.

दरम्यान मातीकडे महसुली दृष्टीनेही पाहिले जाऊ लागले. केंद्र शासनाच्या ३ फेब्रुवारी २००० च्या अधिसूचनेने भराव, रस्ते, लोहमार्ग व इमारती यांच्या बांधकामात भरणी वा सपाटीकरणासाठी वापरली जाणारी साधी माती ‘गौण खनिज’ ठरली. माती, मुरूम इत्यादींचे परिमाण व्यवहारात ‘ब्रास’मध्ये (१०० घनफूट म्हणजे सु. २·८३ घनमीटर) मोजतात आणि त्यावर स्वामित्वधन आकारतात. संहितेच्या कलम ४८(७) नुसार विनापरवाना उत्खननास बाजारभावाच्या पाच पटींपर्यंत दंड होऊ शकतो.

तथापि, केवळ खोदकाम केल्याने हे दायित्व येते काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेच्या प्रकरणात आला. काढलेली माती कोणत्या प्रयोजनासाठी वापरली यावर दायित्व अवलंबून राहील, असा निर्णय ३ डिसेंबर २०१४ रोजी देण्यात आला. भूखंड विकसित करताना काढलेली माती त्याच भूखंडावर वापरल्यास स्वामित्वधन लागणार नाही, अशी तरतूद राज्याच्या २०१३ च्या गौण खनिज नियमांत २०१५ मध्ये झाली.

या वाटचालीत नियमांचा रोख दोनदा पालटला. प्रारंभी शेजाऱ्याच्या पाण्याचे व शेताचे रक्षण हा हेतू होता, तर पुढे मातीची विक्री व वाहतूक यांवर नियंत्रण आले. धरणे व तलाव यांतील गाळ शेतात पसरविण्यास उत्तेजन देणाऱ्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ या २०१७ च्या योजनेमुळे वाहून गेलेली माती पुन्हा शेतात आणणे हे शासकीय धोरणाचेच अंग बनले. पिशोरसारख्या उताराच्या प्रदेशात मातीचा थर तयार होण्यास शतके लागतात आणि एका पावसाळ्यात तो वाहून जाऊ शकतो. त्यामुळे आकारणीच्या नियमांइतकेच बांध व पाण्याच्या वाटा राखणाऱ्या जुन्या तरतुदींनाही येथे महत्त्व आहे.