४ फेब्रुवारी १८७२ : मुंबईच्या आकाशातला ध्रुवीय प्रकाश

१० मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी उत्तर क्षितिजाशी तांबडा प्रकाश टिपला. त्यानंतर नाशिकमधल्या आकाशवेड्या मंडळींनी मला एकच प्रश्न वारंवार विचारला : हा ध्रुवीय प्रकाश आपल्याकडून दिसेल का? त्या रात्री दिसणे शक्य नव्हते. पण दीडशे वर्षांपूर्वी तो मुंबईतून दिसला होता, आणि मुंबईतून दिसला असेल तर नाशिक त्याला एका अक्षांशाने जवळच होते.

६ फेब्रुवारी १८७२ च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’तली बातमी अशी. रविवारी, ४ तारखेला, सूर्यास्तानंतर हा प्रकाश अंधूक दिसू लागला. त्याचे रंग सारखे बदलत होते. सोमवारी पहाटे तीनच्या सुमारास तो गर्द जांभळा झाला, आणि सूर्योदयापर्यंत स्पष्ट दिसत राहिला. तारायंत्राच्या कामात व्यत्यय आला, तो जमिनीवरच्या तारांवर आला तसा एडनकडे जाणाऱ्या समुद्रातल्या तारेवरही.

वर्तमानपत्रात छापले म्हणून ते खरे, असे मी मानत नाही. आकाशातल्या लालीला आपल्याकडे ‘दिग्दाह’ म्हणत. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त त्यावर स्वतंत्र अध्याय आहे, रंगांनुसार फळेही सांगितली आहेत. पण दूरचा वणवा, धुळीतली संध्याकाळ आणि ध्रुवीय प्रकाश हे सगळे त्या एका शब्दात सहज मावतात. तेव्हा मुंबईच्या बातमीची परीक्षा बाहेरून करावी लागते.

पहिली कसोटी घड्याळाची. मुंबईची तेव्हाची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या पुढे ४ तास ५१ मिनिटे होती. म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे तीन वाजले तेव्हा लंडनला रविवारी रात्रीचे दहा वाजून गेले होते. त्याच रात्री युरोपभर आकाश पेटलेले होते. इटलीतल्या फ्लॉरेन्सचे खगोलज्ञ दोनाती यांनी या घटनेचा पुढे खास अभ्यास केला. सुदानमधल्या खार्टूमहून तो प्रकाश दिसला, जपानमधल्या ओकाझाकीच्या एका मंदिरात त्याचे चित्र काढले गेले. तारा मेळ खातात. फक्त सूर्योदयापर्यंतच्या भागाबद्दल मी थोडा सावध आहे. अमावास्या चार दिवसांवर होती. हिशेब केला तर चंद्राची बारीक कोर तीन-सव्वातीनच्या सुमारास उगवते. पहाटेच्या उजेडात कोर, झुंजूमुंजू आणि तो प्रकाश यांची सरमिसळ होणे शक्य आहे. मात्र कोरीने आकाश जांभळे होत नाही.

दुसरी कसोटी कुलाब्याची, आणि ती निर्णायक आहे. कुलाबा वेधशाळा १८२६ ची; तिथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची निरीक्षणे नियमित होत. त्या कामासाठी प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली जो तरुण मदतनीस घेतला गेला, तो म्हणजे केरो लक्ष्मण छत्रे. पुढे पुण्यात टिळक-आगरकरांना गणित शिकवणारे केरूनाना ते हेच. सूर्यावर स्फोट झाला की विद्युतभारित कणांचा लोट पृथ्वीपर्यंत येतो. त्याने आपल्या भोवती विजेचे प्रवाह वाढतात, विषुववृत्ताजवळच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक खाली येतो, आणि लांब तारांतून आपोआप वीज वाहू लागते. कुलाब्याच्या नोंदींत ४ फेब्रुवारीचे हे वादळ आहे. हिसाशी हायाकावा व सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याची तीव्रता सुमारे उणे ८३० नॅनोटेस्ला धरली आहे. २०२४ च्या मे महिन्यातले वादळ साधारण त्याच्या निम्मे.

याच वेधशाळेने याहून मोठे वादळही नोंदवले होते. कॅरिंग्टन या इंग्रज खगोलज्ञाने १ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावर जो स्फोट पाहिला, त्याचा फटका दुसऱ्या दिवशी कुलाब्याच्या उपकरणांत दिसला : क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली आले. पण मुंबईत तेव्हा दहा-अकराचे ऊन होते. १८७२ चे वादळ रात्री आले, म्हणून ते डोळ्यांना दिसले. (ट्रामला वीज येणार म्हणून नानाभाई मूस यांच्या काळात हे चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला गेले. केरूनाना अलिबागजवळच्याच नागावचे!)

आता नाशिक. ऑक्सिजनच्या अणूंचा तांबडा प्रकाश दोनशे ते पाच-सहाशे किलोमीटर उंचीवर निर्माण होतो, म्हणूनच तो इतक्या लांबून दिसतो. हिरवा शंभर-दीडशे किलोमीटरवरचा, तो क्षितिजाआड बुडतो. लेहच्या माथ्यावर चारशे किलोमीटर उंच झळकणारा पडदा नाशिकहून क्षितिजापासून जेमतेम सहा अंशांवर येईल. हात लांब करून मूठ धरली तर ती सुमारे दहा अंशांची. उत्तरेला आपल्याकडे रामशेज आणि त्यामागे सातमाळ्याची रांग, तेव्हा गोदाकाठच्या खोलगट जागेपेक्षा उघड्या माळावर किंवा डोंगरावर असलेल्या माणसाला संधी जास्त. मुंबईत १८६५ पासून रस्त्यांवर गॅसचे दिवे होते. नाशिकच्या परिसरात अंधार होता आणि पौषातली कोरडी हवा.

तिथी मांडून पाहिली तेव्हा मी थांबलो. ५ फेब्रुवारी १८७२, सोमवार, म्हणजे शके १७९३ ची पौष वद्य एकादशी. हाच त्र्यंबकेश्वरच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेचा दिवस. आदल्या दिवशीपासून दिंड्या वाटेवर असतात, रात्री भजन चालते, पहाटे तीनला कुशावर्ताच्या बाजूला जाग असते. जी रात्र मुंबईच्या वार्ताहराने पाहिली, तीच दशमीची रात्र. त्या माळावरून वर मान करणाऱ्यांना आडवी ज्वाळ दिसली असेल, तर त्यांनी ती वणवा मानली की दिग्दाह, की आणखी काही?

जुन्या घरांत पंचांगाच्या कडेला जन्म, मृत्यू, पाऊस, दुष्काळ लिहून ठेवायची पद्धत होती. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बाडात मी आता आधी शके १७९३ चा पौष उघडतो. नाशिक, सिन्नर, निफाड, नगर, मराठवाड्याकडून त्र्यंबकला दिंडी नेणाऱ्या घरांतल्या कुणाच्या माळ्यावर ते पंचांग असेल, तर वद्य दशमीच्या ओळीशेजारी काही लिहिले आहे का, एवढे जरूर पाहावे.