परक्या छपराखाली

परदेशातल्या खेड्यात राहणाऱ्या स्वयंसेवकाच्या घरात साप, विंचू, वटवाघळे निघण्याचा प्रश्न १९६० च्या दशकात वेगळ्या रूपाने पुढे आला. त्याआधी उष्ण कटिबंधात राहणारा गोरा माणूस बहुधा अंमलदार, मळेवाला नाहीतर मिशनरी असे. त्याचे घर जोत्यावर, खिडक्यांना जाळी आणि हाताखाली गडीमाणसे. साप निघाला तर काठी घेऊन धावणारा दुसराच कोणी असे. ब्रिटनमध्ये १९५८ साली ॲलेक आणि मोरा डिक्सन यांनी ‘व्हॉलंटरी सर्व्हिस ओव्हरसीज’ सुरू केली. १ मार्च १९६१ रोजी राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या आदेशाने अमेरिकेची ‘पीस कोअर’ उभी राहिली. पीस कोअरचा दंडक होता की स्वयंसेवकाने दोन वर्षे शेजाऱ्यांसारखे राहायचे. मग शेजाऱ्यांच्या घरात जे जे शिरते, ते त्याच्याही घरात शिरणार हे ओघानेच आले.

पीस कोअरची पहिली तुकडी ऑगस्ट १९६१ मध्ये घानात उतरली. ते सगळे शिक्षक होते आणि त्यांना शाळेच्या आवारातली पक्की घरे मिळाली. मातीच्या झोपडीत राहणारा स्वयंसेवक हे चित्र त्यांना लागू पडत नाही. मात्र पक्के घर म्हणजे प्राण्यांपासून सुटका असेही नव्हते. पत्र्याचे छप्पर आणि खालची तक्तपोशी यांच्यामधली पोकळ, तापलेली जागा आफ्रिकेतल्या काही जातींच्या वटवाघळांना फार मानवते. संध्याकाळी ती फटीफटींतून बाहेर पडतात आणि लेंडीचा उग्र वास खोलीत मागे राहतो. गवताने शाकारलेल्या घरात पाली, विंचू आणि उंदीर जास्त. साप येतो तो बहुतेकदा उंदरांमागे, आणि उंदीर येतात धान्याच्या कणगीमागे. ही साखळी गावकऱ्यांना पाठ असते. नवख्या माणसाला ती पहिल्या पावसाळ्यात कळते.

स्वयंसेवक घर सांभाळायला शिकले ते बरेचसे शेजाऱ्यांकडून. मध्य आणि पूर्व आफ्रिकेत स्वाहिलीत ‘सियाफू’ म्हणतात त्या मुंग्यांच्या झुंडी लाखोंच्या संख्येने चालून येतात. त्यांच्या वाटेत घर आले तर लढाई करण्यात अर्थ नसतो. गावकरी तान्ही मुले आणि खुराड्यातल्या कोंबड्या उचलून बाहेर काढतात आणि घर मुंग्यांच्या हवाली करतात. मुंग्या कुडाच्या भेगा, छपराचे गवत, भांड्यांमागचे कोपरे असे सगळे धुंडाळतात. झुरळे, विंचू, उंदरांची पिल्ले काही सोडत नाहीत. झुंड पुढे सरकली की माणसे परततात. नवख्याला हा हल्ला वाटतो. गावाच्या लेखी ती फुकटात झालेली झाडलोट, आणि खरे तर गावाचेच म्हणणे बरोबर आहे.

कपड्यांना इस्त्री करण्याची सवयही अशीच लागली. आफ्रिकेतली टुंबू माशी ओलसर कपड्यांवर अंडी घालते. त्यांतून निघालेली अळी कातडीत शिरते आणि तिथे गळवासारखी गाठ येते. अळीला श्वासासाठी गाठीच्या तोंडाशी यावे लागते, म्हणून त्यावर व्हॅसलीन थापून तिला वर काढतात. त्यापेक्षा कोळशाच्या इस्त्रीने आतले कपडेसुद्धा कडक भाजून घेणे सोपे. शहरात कधी इस्त्रीला हात न लावलेले तरुण इथे चड्ड्या-बनियनांना इस्त्री करू लागले.

रसायनांचा मार्ग याच काळातला, पण तो उलटलाही. मलेरियासाठी बोर्निओत घरोघर डीडीटी फवारला गेला. उत्तर बोर्निओत छपराचे गवत खाणाऱ्या अळ्या त्यानंतर वाढल्या, कारण त्यांच्यावर जगणारे कीटक मेले होते. छपरे लवकर झडू लागली, याची नोंद १९६३ मध्ये प्रसिद्ध झाली. बोर्निओतल्याच सारावाकमध्ये फवारणीनंतर मांजरे मेल्यावर उंदीर माजले आणि १९६० साली ब्रिटिश हवाई दलाने बारिओच्या डोंगराळ भागात पॅराशूटने मांजरे उतरवली. हजारो मांजरांची जी कथा सांगितली जाते, तिच्यात मीठमसाला बराच आहे. डिक्सन दांपत्याने आपले पहिले स्वयंसेवक पाठवले त्या देशांत सारावाकही होता.

सर्पदंशाच्या उपचारात मात्र जुने ज्ञान टाकून द्यावे लागले. त्या काळच्या अमेरिकी प्रथमोपचार संचात पाते आणि रबरी चोषक असत: जखम चिरायची आणि विष ओढून काढायचे. विष त्याने फारसे निघत नाही. शिवाय फुरशासारख्या सापाच्या विषाने रक्त गोठायचे थांबते, तेव्हा चिरलेली जखम वाहतच राहते. ही पद्धत पुढे मोडीत निघाली. दंश झालेला भाग हलू न देणे आणि रुग्णाला प्रतिविष असलेल्या दवाखान्यात लवकर पोहोचवणे, हा आजचा नियम. थुंकणाऱ्या नागाचे विष डोळ्यांत गेले तर भरपूर पाण्याने डोळे धुणे, हे स्वयंसेवकाला गावात येण्याआधीच सांगितलेले असते.

प्रतिविषाचा प्रश्न कोकणातल्या वाचकाला जवळचा वाटेल. पश्चिम आफ्रिकेत सर्वाधिक बळी घेणारा साप आपल्या फुरशाचा भाऊबंद, पण जात वेगळी आणि विषही वेगळे. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे स्वस्त भारतीय प्रतिविष पोहोचले आणि ते लागू पडेना. मध्य घानात दंशानंतरचे मृत्यूचे प्रमाण १.८ टक्क्यांवरून १२.१ टक्क्यांवर गेल्याची नोंद आहे. आफ्रिकी सापांसाठी बनवलेले एक फ्रेंच प्रतिविष चांगले होते, पण कंपनीने २०१४ मध्ये त्याचे उत्पादन थांबवले. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घातले.

या सगळ्यात सर्वांत जास्त उपयोगी पडली ती मच्छरदाणी. १९८० च्या दशकात पश्चिम आफ्रिकेत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांच्या चाचण्या झाल्या, त्या मलेरियासाठी. पण कडा गादीखाली नीट खोचल्या की छपरातून पडणारा विंचू, गोम, कोळी सगळेच बाहेर राहतात. नायजरमध्ये कडक उन्हाळ्यात लोक खाटा अंगणात टाकून झोपतात. तिथले स्वयंसेवकही तसेच झोपत, तेही मच्छरदाणीतच. आग्नेय नेपाळात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंश कमी होतो असे दिसले. जमिनीवर झोपलेल्या माणसाला रात्री चावणारा मण्यार तिथेही आहे, आणि नेपाळमध्ये पीस कोअरचे स्वयंसेवक १९६२ पासून गेलेले आहेत.