नायडूची लाइन आणि ए-बी-सी

मंडळी, लाइनीत उभं राहणं आपल्याला नवीन नाही. पण ऑगस्ट २००९ मध्ये पुण्याच्या नायडू हॉस्पिटलसमोर लागलेली लाइन वेगळीच होती. ३ ऑगस्टला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी. मग काय, जरा शिंक आली की चला नायडूला! तोंडाला रुमाल, कडेवर पोर. तिकडे मुंबईत कस्तुरबासमोर तेच, आणि मधे आमचं पनवेल.

आम्हा आयटीवाल्यांना वाटणार, काउंटर वाढवा की! पण गोची दुसरीच होती. टेस्ट आणि टॅमिफ्लू, दोन्ही सुरुवातीला ठराविक सरकारी ठिकाणीच. घशाचे नमुने जाणार पुण्याच्या एनआयव्हीत. म्हणजे साधी सर्दी आणि खरोखर धाप लागलेला पेशंट, दोघं एकाच लाइनीत, तासन्‌तास, खांद्याला खांदा लावून. ज्याला फ्लू नव्हता त्याला तो तिथेच मिळायची सोय! शिवाय टॅमिफ्लूचा खरा उपयोग लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांत, आणि त्यातला कितीतरी वेळ रिपोर्टची वाट बघण्यात जायचा.

शेवटी उपाय निघाला तो कुणाची टेस्ट करायची नाही हे ठरवण्यातून. केंद्राने त्याच महिन्यात पेशंटचे तीन गट केले. ए म्हणजे हलका ताप, खोकला: टेस्ट नाही, टॅमिफ्लू नाही, घरी जा. बी म्हणजे जास्त ताप, किंवा गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस, डायबेटिसवाला: घरीच राहा, गरजेप्रमाणे टॅमिफ्लू, टेस्ट नाही. सी म्हणजे धाप, छातीत दुखणं, ग्लानी, निळी पडलेली नखं: ताबडतोब अ‍ॅडमिट, टेस्ट करा, पण औषधाला रिपोर्टची वाट बघू नका.

इंजिनिअरिंगला आपण प्रायॉरिटी क्यू शिकतो, तीच ही. फक्त तिथे नोड रडत नाही. 'तुमचं पोर ए मध्ये आहे, घरी न्या' हे घाबरलेल्या आईला सांगायचं कुणी? टेबलामागच्या डॉक्टरने. आणि पोर रात्री सी मध्ये गेलं तर? मला वाटतं या यादीतली सगळ्यात शहाणी ओळ म्हणजे ए वाल्यांना २४ ते ४८ तासांनी पुन्हा तपासा. आज दिलेला नकार कायमचा नाही, हे त्या आईला कागदावर मिळालं.

असो. २०२० मध्ये मात्र हे गणित जसंच्या तसं चाललं नाही. एप्रिलमध्ये आमच्या कळंबोलीत विमानतळावर ड्यूटी करणारे सीआयएसएफचे जवान पॉझिटिव्ह निघाले. कोरोना लक्षणं नसलेल्यांकडूनही पसरत होता, म्हणजे टेस्ट पेशंटपेक्षा त्याच्या शेजारच्यासाठी जास्त हवी होती! 'लक्षण नाही, घरी जा' म्हणायची सोयच उरली नाही. मग पेशंट कॅज्युअल्टीत शिरायच्या आधीच वेगळा करणं भाग होतं. म्हणून तापाची ओपीडी आत न ठेवता बाहेर, गेटजवळ मांडवात आली.